शापाने आठवण गेली. मग ते बोलणे कोणाचे?

वारकऱ्याच्या कानावर लहानपणापासून पडणारा शब्द म्हणजे स्मरण. नाम घ्यायचे ते स्मरणासाठी, वारी चुकवायची नाही ती स्मरणासाठी, आणि गळ्यात तुळशीची माळ घालायची तीही स्मरणासाठीच. पण ह्या स्मरणाची उलट बाजू म्हणजे विसर. तिचा विचार आपण फारसा करीत नाही. विसरला बिचारा, त्यात त्याचा काय दोष, असे आपण चटकन म्हणून मोकळे होतो. खरेच दोष नसतो काय? जो जाणूनबुजून खोटे बोलतो तो अपराधी, हे पोरासोरांनाही कळते. पण ज्याला मनापासून काही आठवतच नाही, आणि आठवत नाही म्हणूनच जो दारी आलेल्या आपल्या माणसाला परत लावतो, त्याला काय म्हणावे? अपराधी म्हणावे, की दुर्दैवी म्हणावे?

हा प्रश्न महाकवी कालिदासाने एका नाटकात उभा केला आहे. ‘अभिज्ञानशाकुंतल’ हे ते नाटक, आणि त्याचा पाचवा अंक हे त्या प्रश्नाचे स्थळ. कोणी म्हणेल, वारकऱ्याला नाटकाशी काय करायचे? त्यावर आमचे इतकेच म्हणणे की, कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावतो ते काय करमणुकीसाठी? पूर्वरंगात सांगितलेला सिद्धांत माणसांच्या वागण्यात कसा उतरतो, हे आख्यानात दिसते. शाकुंतल आपल्याला परकेही नाही. 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, आणि मराठी संगीत नाटकाची मोठी परंपरा तेथून सुरू झाली. तेव्हा हे आख्यानच समजा, आणि शांतपणे ऐका.

मागची कथा थोडक्यात अशी. राजा दुष्यंत शिकारीच्या नादात कण्व ऋषींच्या आश्रमाशी येतो. कण्व तेव्हा सोमतीर्थाला गेलेले असतात. त्यांनी वाढवलेली कन्या शकुंतला हिच्याशी राजाचा गांधर्वविवाह होतो, म्हणजे साक्षीला ना भट ना वडीलधारी माणसे. निघताना राजा आपल्या नावाची अंगठी तिच्या बोटात घालतो आणि सांगतो की, हिच्यावरच्या माझ्या नावातले रोज एक एक अक्षर मोज. अक्षरे संपतील तोवर तुला न्यायला माणूस येईल. पुढे एके दिवशी शकुंतला त्याच्या चिंतनात बुडून बसली असता दुर्वास ऋषी दाराशी येतात. तिला त्यांची हाक ऐकू येत नाही. ऋषी शापतात की, ज्याच्या चिंतनात तू मला विसरलीस तो आठवण करून दिली तरी तुला ओळखणार नाही. सखी प्रियंवदा पाय धरते, तेव्हा ओळखीची खूण दिसताच शाप सुटेल एवढा उतारा मिळतो. दोघी सख्या हे शकुंतलेपासून लपवून ठेवतात. सासरी निघताना, राजाने ओळखायला वेळ लावला तर ही अंगठी दाखव, एवढेच सांगतात. आणि ती अंगठी वाटेत शक्रावतारातल्या शचीतीर्थावर पाण्यात पडते. तिचा पत्ताच शकुंतलेला नाही.

आता पाचव्या अंकाकडे यावे. कालिदासाने आरंभ किती शहाणपणाने केला आहे पाहा. शकुंतला अजून आलेलीच नाही. आतल्या महालातून हंसपदिका नावाच्या राणीचे गाणे ऐकू येते. आंब्याच्या मोहोराशी लगट करून मग कमळात जाऊन बसलेल्या भुंग्याला, तू मोहोराला कसा विसरलास, असे ती गाण्यातून विचारते. टोमणा राजाला आहे, आणि तो राजाला कळतोही. तो हसून विदूषकाला तिच्या समजुतीला पाठवतो. म्हणजे शापाशी काही संबंध नसलेली एक बाई आपल्याला आधीच सांगून ठेवते की, ह्या राजाला विसरण्याची सवय आहे. शाप नंतरचा, सवय जुनी. हे प्रेक्षकाने मनात ठेवावे म्हणूनच कवीने ते गाणे तेथे घातले, असे आमचे मत आहे.

गाणे संपल्यावर राजा उगाच बेचैन होतो. कोणाचा विरह नसताना जीव का कासावीस व्हावा, हे त्याला समजत नाही. सुंदर पाहिले, गोड ऐकले की सुखातल्या माणसालाही हुरहूर लागते, ती बहुधा मागच्या जन्मीच्या जिव्हाळ्याची नकळत आठवण असावी, असा तो तर्क करतो. बिचाऱ्याला काय ठाऊक, की जन्म मागचा नव्हे, हाच आहे! येथे एक बारीक गोष्ट दिसते. शापाने बुद्धीतली आठवण गेली, पण काळजातली गेली नाही. वर राख आहे, आत निखारा आहे.

इतक्यात कण्वांचे शिष्य आल्याची वर्दी येते. शार्ङ्गरव, शारद्वत, वडीलधारी गौतमी, आणि त्यांच्यामध्ये तोंडावर पदर घेतलेली, दिवस गेलेली शकुंतला. राजा नुकता न्यायासनावरून उठलेला, दमलेला. तरी ऋषींकडची माणसे म्हणून अग्निशाळेत जाऊन आदराने भेटतो. हा राजा वाईट नाही, हे विसरू नये. कर्तव्याला तो चुकत नाही. पदराआडच्या स्त्रीकडे लक्ष जाते तेव्हाही, परस्त्रीकडे पाहू नये, असे म्हणून तो डोळा आवरतो. धर्म त्याच्या अंगात मुरलेला आहे. आणि म्हणूनच हा प्रसंग कठीण आहे. वाईट माणसाने वाईट केले तर त्यात विचार करण्यासारखे काय असते? चांगल्या माणसाच्या हातून, धर्माच्याच नावाने, वाईट कसे घडते, हे येथे पाहायचे.

शार्ङ्गरव कण्वांचा निरोप सांगतो: तुमचा विवाह आम्हाला मान्य आहे, आता हिला घरात घ्या. राजा विचारतो, हे काय भलतेच? गौतमी पुढे होऊन शकुंतलेच्या तोंडावरचा पदर सारते. तिला बापडीला वाटते, तोंड पाहिले की धनी ओळखेल. राजा पाहतो, पाहतच राहतो, आणि ओळखत नाही. ह्या पदराचा अर्थ काय? पदर शकुंतलेच्या तोंडावर होता तो निघाला. राजाच्या मनावर होता तो निघाला नाही. समोरचे माणूस उघडे करून भागत नाही, बघणाऱ्यावरचा पडदा निघावा लागतो. पंढरीत गाभाऱ्यापर्यंत जाऊनही दर्शन न झालेली माणसे असतातच की!

मग शकुंतला अंगठी दाखवायला हात वर करते, आणि बोट रिकामे! गौतमीच्या ध्यानात येते की शचीतीर्थाला वंदन करताना ती पडली असेल. राजा हसतो, बायकांना वेळेवर बरे सुचते म्हणतो. शकुंतला तरी धीर सोडत नाही. वस्तूची खूण गेली, तर ती आठवणीची खूण काढते. ती म्हणते, आपण वेलींच्या मांडवात होतो. तुमच्या हातात कमळाच्या पानात पाणी होते. माझे दीर्घापांग नावाचे पाडस आले. तुम्ही पाणी पुढे केले तर ते प्यायले नाही, मी धरले तेव्हा प्यायले. मग तुम्ही हसून म्हणालात की, दोघेही रानातलेच, आपल्या माणसावरच विश्वास ठेवणार. काय ही खूण! अंगठी सोन्याची, ती कोणीही चोरू शकेल. पण पाडसाची आठवण कोण चोरणार? ती दोघांखेरीज तिसऱ्याला ठाऊकच नाही. आणि त्या गोष्टीत कवीने एक कडू सत्य ठेवले आहे. त्या मुक्या जनावराला परक्या हातातले पाणी पिऊ नये एवढे कळले होते. शकुंतलेला कळले नाही.

ह्यावर राजा जे बोलतो ते ऐकवत नाही. स्त्रीजात न शिकवताच कपटी असते, मादी पशुपक्ष्यांतही हे दिसते, मग बोलत्या स्त्रीचे काय सांगावे. कोकिळासुद्धा आपली पिले दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेते, अशा अर्थाचे तो बोलतो. दिवस गेलेल्या बाईला हे बोलणे! येथे शकुंतलेचा संयम सुटतो. ती त्याला ‘अनार्य’ म्हणते, आपल्या मनावरून जगाला मोजतोस म्हणते, आणि गवताने झाकलेल्या विहिरीची उपमा देते. वरून हिरवळ, पाऊल टाकले की खाली! धर्माची झूल पांघरलेल्या माणसाला ह्याहून नेमकी उपमा आम्हाला तरी सुचत नाही.

आता मूळ प्रश्न घेऊ. कोणी म्हणेल, राजाला शाप होता, त्याने काय करावे? शेवटी सातव्या अंकात मारीच ऋषीही, हा शापाचा परिणाम, राजाला बोल लावू नकोस, असे शकुंतलेला सांगतात. मग तुम्ही कोण बोल लावणारे? शंका रास्त आहे. तिचे उत्तर शोधायला थोडे महाभारतात जावे लागेल. आदिपर्वातल्या मूळ कथेत शाप नाही, अंगठीही नाही. तेथे राजाला सारे आठवते, आणि आठवत असून तो नाही म्हणतो. शकुंतला मुलाला घेऊन भर सभेत सत्याची महती सांगते, आकाशवाणी साक्ष देते, आणि मग राजा म्हणतो की केवळ हिच्या शब्दावर मी स्वीकारले असते तर लोकांनी शंका घेतली असती. त्या कथेत दोष उघड आहे. कालिदासाने शाप आणि अंगठी घालून राजाला खोटेपणातून सोडवले. पण पूर्ण सोडवले काय? आम्ही म्हणतो, नाही. आणि हेच ह्या अंकाचे मर्म आहे.

शापाने काय नेले, ते नीट मोजून पाहावे. शापाने आठवण नेली. ‘मला आठवत नाही’ हे राजाचे वाक्य शापाचे, त्याचा दोष त्याच्यावर नाही. पण ‘बायका कपटी असतात’ हे वाक्य कोणाचे? दुर्वासांनी ते शापात घातलेले नव्हते. ते राजाच्याच पोटातले होते. आठवण गेल्यावर माणसाजवळ जे उरते तो त्याचा स्वभाव. राजाजवळ संशय उरला, थट्टा उरली, आपल्या पदाचा ताठा उरला. घराघरांतला अनुभव घ्या. म्हातारपणी कोणाकोणाची स्मृती आजाराने जाते. पोटच्या लेकालाही ते ओळखत नाहीत. त्यांना कोणी दोष देतो काय? देऊही नये. पण त्यांच्यातलेच एखादे माणूस, समोर बसलेला कोण हे ठाऊक नसतानाही, ‘जेवलास का बाळा?’ म्हणून विचारते. नाव गेले, नाते गेले, माया राहिली. आठवण आपल्या हातात नसेल. पण न आठवणाऱ्या माणसाशी कसे बोलायचे, हे पुष्कळसे आधीच्या आयुष्यात कमावलेले असते. आजाराने ती मायाही गेली तर गोष्ट वेगळी, तेथे दया करावी. राजाची बुद्धी मात्र शाबूत होती, न्यायनिवाडा करण्याइतकी शाबूत होती.

मग राजाने करायचे तरी काय होते? आठवत नसताना परस्त्री घरात घ्यायची? नाही. त्याची अडचण खरी आहे. तो स्वतः पुरोहिताला विचारतो की, मला भ्रम झाला आहे की ही खोटे बोलते हे कळत नाही. पत्नी टाकल्याचे पाप घेऊ की परस्त्रीला स्पर्श केल्याचे? हा प्रश्न त्याने आधी विचारला असता तर! पण आधी शब्दांनी घाव घातला, आणि मग सल्ला विचारला. पुरोहित मात्र शांत डोक्याचा. तो म्हणतो, बाळंत होईपर्यंत ही माझ्या घरी राहू दे. तुमचा पहिला पुत्र चक्रवर्ती होणार असे सांगितलेले आहे. मुलाला ती लक्षणे असली तर हिला मानाने घ्या, नसली तर बापाकडे धाडा. आजच्या बाईला हा तोडगाही अपमानाचाच वाटेल, आणि ते खरे आहे; तिच्या शब्दाला किंमत नाहीच, मुलाच्या तळहाताला आहे. तरी साऱ्या दरबारात दार पूर्ण न लावणारा हाच एक माणूस. संशय आला तर दार लोटून घ्यावे, कडी घालू नये, एवढे त्याला कळले.

बाकीच्या माणसांकडेही पाहायला हवे. शार्ङ्गरव राजाला खडे बोल सुनावतो. जन्मात कपट न शिकलेलीचे बोलणे खोटे, आणि दुसऱ्याला फसवणे ही विद्या म्हणून शिकणाऱ्यांचे बोलणे खरे काय, असे तो विचारतो. वाचून बरे वाटते. पण शकुंतला रडत मागे येऊ लागते तेव्हा हाच तिच्यावर डोळे वटारतो, स्वतंत्र व्हायला निघालीस का म्हणतो, नवऱ्याच्या घरची दासी होऊन राहा म्हणतो. त्याला न्यायाची चीड आहे, माणसाची कणव नाही. शारद्वत तर, निरोप पोचवला, काम झाले, ठेवा नाही तर टाका, असे सांगून वाटेला लागतो. एकटी गौतमी मागे वळून पाहते. नवरा असा निष्ठुर, आता माझ्या लेकीने काय करावे, असे तिच्या तोंडून निघते. पण तिचेही कोणी ऐकत नाही. राजाने टाकली ती न आठवून. माहेरच्या माणसांनी टाकली ती सारे आठवत असून! ह्यांना तर शापही नव्हता. शकुंतला मग धरणीला म्हणते की मला पोटात घे. माणसांत कोणी उरले नाही, की बाई मातीला आई म्हणते. पुढे एक तेजस्वी स्त्रीरूप येऊन तिला उचलून नेते, आणि अंक संपताना राजा एकटाच म्हणतो की, आठवत तर नाही, पण मनाला जी टोचणी लागली आहे ती मला खात्री पटवू पाहते आहे. आतला निखारा बोलला, पण उशीर झाला.

पुढच्या अंकाच्या आरंभीच अंगठी सापडते, ती कोणाला? एका गरीब कोळ्याला, रोहू माशाच्या पोटात. राजवाड्यातल्या पंडितांना जे साधले नाही ते ह्याच्या हातून घडले. आणि त्याचे बक्षीस काय, तर आधी चोर म्हणून मार! शिपाई त्याच्या धंद्याची थट्टा करतात. येथे आम्हाला जनाबाईंची आठवण झाल्यावाचून राहत नाही. देवाचे पदक सापडले म्हणून जनाबाईंवरही चोरीचा आळ आला होता, अशी कथा आपण ऐकत आलो. गरिबाच्या हाती खरी खूण आली की जग आधी त्यालाच चोर ठरवते. नावाची अंगठी राजाने दिली, नदीने गिळली, आणि कोळ्याने परत आणली. स्मरण कोणाच्या हातून परत येईल, ह्याला जातीचे वा पदाचे बंधन नाही.

आणि शेवटची गोष्ट, जी पुष्कळ जण वाचून पुढे जातात. सातव्या अंकात दोघांची भेट होते, राजा पायांवर पडतो, शकुंतला क्षमा करते. राजा ती अंगठी पुन्हा तिच्या बोटात घालू पाहतो. ती नको म्हणते. माझा हिच्यावर विश्वास नाही, तुम्हीच घाला, असे ती सांगते. राजाला तिने क्षमा केली, अंगठीला नाही केली! आमच्या समजुतीप्रमाणे तिला सुचवायचे ते असे: खूण लागते ती विसरणाऱ्याला. मी विसरले नव्हते. माझ्या हातात ती असून उपयोग काय? विसर ज्याला पडतो त्याने ती जवळ बाळगावी.

वाचक हो, हे आपल्याला लागू आहे. आपल्या गळ्यातली माळ, कपाळीची मुद्रा, ह्याही अंगठ्याच आहेत. देवाला त्यांची गरज नाही, तो आपल्याला विसरलेला नाही. विसरणारे आपण, म्हणून त्या आपल्या अंगावर. पण नुसती अंगठी हाती असणे म्हणजे ओळख नव्हे. माळ गळ्यात असून दारचे माणूस ओळखता आले नाही, तर ती माळ अजून माशाच्या पोटातच आहे म्हणायची.

आणि दारची माणसे रोज येतात. टाकलेली सून पोर कडेवर घेऊन उंबऱ्याशी उभी राहते, तेव्हा तिला विचारतात, पुरावा काय? म्हातारा चुलता वाटणीचे बोलतो, तेव्हा म्हणतात, कागद दाखव. कागद मागू नये असे आम्ही म्हणत नाही. व्यवहारात तो पाहावाच लागतो, आणि खोटे दावे करणारेही असतात. पण कागद नाही म्हणून जीभ सैल सोडायला परवानगी मिळत नाही. ‘मला आठवत नाही, चौकशी करू, तोवर ओट्यावर बसा, पाणी घ्या’, एवढे म्हणायला ना पुरावा लागतो ना स्मृती. दुष्यंताने एवढे केले असते, तर शापाची मुदत भरेपर्यंत शकुंतला त्याच्या गावात मानाने राहिली असती, आणि अंगठी सापडल्यावर त्याला तोंड लपवून रडावे लागले नसते.

विसर पडणे हे कदाचित आपल्या स्वाधीन नाही. विसर पडल्यावर तोंडातून काय निघेल, हे मात्र आपण रोज जे घोटतो त्यावर अवलंबून आहे. म्हणून संत जिभेला नामाचे वळण लावा म्हणतात. पुढेमागे बुद्धीने दगा दिला, आठवण गेली, तरी वळण पडलेली जीभ परक्यालाही ‘माउली’ म्हणेल. वारीच्या वाटेवर आपण अनोळखी माणसाला त्याच नावाने हाक मारतो ना? ती हाक घरच्या उंबऱ्यावरही तोंडात राहावी, इतकेच आमचे मागणे आहे.